रोआनोकची इंग्रज वसाहत: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ऑगस्ट महिना लागला की रोआनोकबद्दलची पत्रं वाढतात. १८ ऑगस्ट १५९० रोजी तिथल्या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर जॉन व्हाइट आपल्या माणसांचा शोध घेत अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या रोआनोक बेटावर उतरला आणि त्याला वस्ती रिकामी दिसली. त्या तारखेच्या आसपास तीच गोष्ट मोबाइलवर नव्या तिखटमिठासह फिरू लागते. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी सागरी प्रवासांची कागदपत्रं हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यामुळे तोच गोंधळ तऱ्हेतऱ्हेच्या शब्दांत माझ्याकडे येतो. यंदाच्या पत्रांतले प्रश्न निवडून उत्तरं देत आहे.

प्रश्न: ११५ माणसं एका रात्रीत नाहीशी झाली असं आमच्या सरांनी सांगितलं. हे खरं आहे का? (विद्यार्थी, सातारा)

नाही. एका रात्रीत काहीही झालेलं नाही. व्हाइट २७ ऑगस्ट १५८७ ला मदत आणायला इंग्लंडकडे निघाला आणि परतला तो १८ ऑगस्ट १५९० ला. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत तिथे काय घडलं ते पाहून लिहून ठेवणारं कोणी नव्हतं, एवढंच.

सगळा क्रम थोडक्यात सांगतो. पहिल्या एलिझाबेथ राणीने १५८४ मध्ये वॉल्टर रॉलीला उत्तर अमेरिकेत वसाहत करण्याची सनद दिली. त्याच वर्षी त्याची दोन जहाजं आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर जाऊन आली. येताना त्यांनी मँटिओ आणि वाँचीस या दोन स्थानिक पुरुषांना सोबत आणलं. १५८५ मध्ये राल्फ लेनच्या हाताखाली शंभरावर पुरुष रोआनोकवर राहिले. ती लष्करी तुकडी होती आणि जून १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकच्या जहाजांतून मायदेशी परतली. मागाहून आलेल्या रिचर्ड ग्रेनव्हिलने पंधरा माणसं राखणीला ठेवली. त्यांच्यावर हल्ला झाला, आणि पुढच्या वर्षी तिथे एका माणसाची हाडं तेवढी मिळाली.

१५८७ ची वसाहत वेगळी होती. त्यात बायका होत्या, मुलं होती, काही गरोदर स्त्रियाही होत्या. एकूण माणसं ११५ च्या आसपास, आणि गव्हर्नर जॉन व्हाइट, जो मुळात चित्रकार. त्यांना खरं तर चेसापीक उपसागरात जायचं होतं. जहाजाचा वाटाड्या सिमॉन फर्नांडिस याने उन्हाळा सरत आल्याचं कारण सांगून त्यांना रोआनोकवरच उतरवलं. हरवलेल्या वसाहतीची गोष्ट म्हणतात ती या लोकांची. सरांना हे दाखवा आणि त्यांच्याशी बोला. प्रकल्प करत असाल तर तारखा त्यांच्याकडून तपासून घेतल्याशिवाय फलकावर लिहू नका.

प्रश्न: डिसेंबरात लेकीकडे अमेरिकेला जातोय. ही जागा पाहायला रोआनोकचं विमानाचं तिकीट काढावं का? (नाशिक)

काढू नका. रोआनोक शहर व्हर्जिनियाच्या पश्चिमेला डोंगरात आहे आणि या बेटाशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला जायचंय ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डेअर काउंटीतल्या मँटिओ गावाजवळ. नॉरफोकला उतरून मोटारीने जाता येतं. हिवाळ्यातल्या वेळा फोर्ट रॉली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाच्या कार्यालयाला आधी विचारून घ्या.

प्रश्न: खांबावर कोरलेला 'क्रोएटोअन' हा शब्द शाप होता म्हणे. लेखक एडगर ॲलन पोने मरताना तोच उच्चारला, वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या वहीतही तो होता. यावर तुमचं मत? (कोल्हापूर)

यात मताचा प्रश्न येत नाही. क्रोएटोअन हे बेटाचं नाव आहे. आजच्या हॅटरस बेटाचा तो भाग, रोआनोकच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर. तिथल्या लोकांनाही त्याच नावाने ओळखत. मँटिओ त्यांच्यातलाच, त्याची आई आणि नातलग तिथे राहत.

निघण्याआधी व्हाइटने आपल्या लोकांशी ठरवून ठेवलं होतं: जागा सोडलीत तर जिथे जाल तिथलं नाव झाडावर किंवा दाराच्या खांबावर कोरा, आणि संकटात सोडावी लागली तर त्या नावावर क्रूस कोरा. १५९० मध्ये त्याला एका झाडावर नावाची पहिली तीन अक्षरं दिसली. कुंपणाच्या प्रवेशाशी उजव्या हाताच्या खांबावर, साल काढून, जमिनीपासून पाच फुटांवर पूर्ण नाव ठळक अक्षरांत कोरलेलं होतं. क्रूस कुठेही नव्हता. घरं जळालेली नव्हती, उतरवून नेलेली होती. हे सगळं व्हाइटने स्वतः लिहून ठेवलंय आणि ते छापलेलं आहे. आपली माणसं सुखरूप क्रोएटोअनला आहेत याची खात्रीची खूण मिळाल्याने आनंद झाला, असंही तो म्हणतो.

पोच्या आणि इअरहार्टच्या गोष्टींना समकालीन पुरावा काडीचाही नाही. असा मजकूर पुढे पाठवणाऱ्याला एकच विचारा, हे प्रथम कुणी, कुठे आणि कधी लिहिलं. उत्तर मिळत नाही तोवर तो मजकूर पुढे ढकलू नका.

प्रश्न: एवढी स्पष्ट खूण होती तर व्हाइट क्रोएटोअनला का गेला नाही? आणि आपली मुलगी-नात तिथे असताना यायला तीन वर्षं का लावली? (गृहिणी, डोंबिवली)

आलेल्या सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खांबावरच्या कोरीव कामाची चर्चा सगळे करतात, उशिराची कोणी करत नाही.

व्हाइटची मुलगी एलिनॉर हिने १८ ऑगस्ट १५८७ ला मुलीला जन्म दिला. नातीचं नाव व्हर्जिनिया डेअर. नवव्या दिवशी आजोबा जहाजात बसला. त्याला जायचं नव्हतं. गव्हर्नरने माणसं टाकून पळ काढला असं लोक म्हणतील, ही भीती त्याने लिहून ठेवली आहे. वसाहतीतल्या लोकांनी लेखी विनवणी दिली तेव्हाच तो निघाला.

१५८८ मध्ये ग्रेनव्हिलचा ताफा निघायच्या तयारीत होता, पण स्पॅनिश आरमार येणार म्हणून लढाऊ जहाजं अडकवून ठेवली गेली. एप्रिलमध्ये व्हाइटला दोन लहान जहाजं मिळाली. त्यांच्या खलाशांना वसाहतीपेक्षा वाटेतल्या लुटीत जास्त रस होता. लुटायला गेले आणि मदेराजवळ फ्रेंचांकडून स्वतःच लुटले गेले. व्हाइट जखमी होऊन परतला. १५८९ चा उन्हाळा करारमदारांत गेला, जहाज निघालंच नाही. १५९० मध्ये त्याला जागा मिळाली ती जॉन वॉट्स या लंडनच्या व्यापाऱ्याच्या खासगी लढाऊ जहाजांपैकी एकावर. ती जहाजं मार्चमध्ये निघाली आणि थेट रोआनोकला न जाता कॅरिबियन समुद्रात स्पॅनिश जहाजांच्या मागे महिनोन् महिने फिरत राहिली. चक्रीवादळांचा हंगाम सुरू झाल्यावर, ऑगस्टच्या मध्यावर, त्यांनी किनारा गाठला.

किनाऱ्यालगतच्या बेटांमधल्या अरुंद वाटेतून आत येताना एक होडी उलटली आणि कप्तान स्पायसरसह सात जण बुडाले. रात्री बेटावर आग दिसली म्हणून यांनी किनाऱ्यालगत नांगर टाकून रणशिंग फुंकलं, ओळखीची इंग्रजी गाणी म्हटली. ओ आली नाही. सकाळी वस्ती पाहिली, क्रोएटोअनचं नाव पाहिलं आणि तिथे जायचं ठरवलं. पण नांगर उचलताना दोर तुटला. दुसरा नांगरही गेला, हवा बिघडली, पाणी आणि अन्न कमी होतं. हिवाळा कॅरिबियनमध्ये काढून वसंतात परत यायचं ठरलं, तर वाऱ्याने जहाज अझोर बेटांकडे नेलं. २४ ऑक्टोबरला ते प्लिमथला पोचलं. व्हाइटला पुन्हा कधीच जाता आलं नाही. १५९३ मध्ये त्याने आयर्लंडमधून प्रवासवर्णनं छापणाऱ्या रिचर्ड हॅक्लुइटला पत्र लिहिलं, त्यात त्याने माणसांना देवाच्या हवाली केलं आहे.

पुढे १६०२ मध्ये रॉलीने सॅम्युएल मेसला पाठवलं. तो हॅटरसच्या बऱ्याच नैऋत्येला उतरला आणि महिनाभर सॅसाफ्रासची साल गोळा करत बसला. युरोपात त्या सालीला औषध म्हणून चांगला भाव होता. खराब हवेमुळे क्रोएटोअनला जाता आलं नाही, असं त्याने येऊन सांगितलं. ठिकाणाचं नाव ठाऊक होतं, अंतर ठाऊक होतं, आणि तरी बारा वर्षांत एकही इंग्रज तिथे पोचला नाही. दर खेपेला वसाहतीच्या आधी नफा मोजला गेला. मला राग येतो तो याचा.

प्रश्न: व्हर्जिनिया डेअर ही अमेरिकेत जन्मलेली पहिली गोरी मुलगी ना? (अकोला)

नाही. इंग्रज आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेलं ती पहिलं ज्ञात मूल. स्पॅनिशांच्या सेंट ऑगस्टीनमध्ये युरोपीय मुलं तिच्या वीसेक वर्षं आधीपासून जन्मत होती.

प्रश्न: जेम्सटाउन आणि रोआनोक एकच का? (लातूर)

नाही. जेम्सटाउन १६०७ चं, आजच्या व्हर्जिनियात, आणि ते टिकलं.

प्रश्न: दुष्काळाने सगळे मेले असं आता झाडांवरून सिद्ध झालंय असं वाचलं. (शेतकरी, जत)

दुष्काळ सिद्ध झालाय, मृत्यू नाही. त्या भागातल्या दलदलीत बाल्ड सायप्रस नावाचे शेकडो वर्षं जगणारे वृक्ष आहेत. पाऊस चांगला झाला तर खोडातलं त्या वर्षाचं कडं रुंद पडतं, कमी झाला तर अरुंद. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १५८७ ते १५८९ ही तीन वर्षं त्या प्रदेशातली आठशे वर्षांतली सर्वांत कोरडी सलग तीन वर्षं होती. वसाहत नेमकी त्यातल्या पहिल्या वर्षी उतरली.

दुष्काळात मका येईना म्हणजे काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. या लोकांकडे पेरणीची वेळ निघून गेलेली आणि शेजाऱ्यांकडे स्वतःपुरतंच धान्य. त्यात शेजाऱ्यांशी आधीच वैर झालेलं. १५८५ मध्ये एक चांदीचा पेला चोरीला गेल्याच्या संशयावरून इंग्रजांनी ॲक्वास्कोगॉक हे गाव आणि त्याची उभी पिकं जाळली. १५८६ मध्ये लेनच्या माणसांनी रोआनोकच्या परिसराचा प्रमुख विंजिना याला ठार केलं. १५८७ मध्ये वसाहत उतरून आठवडा होतो न होतो तोच एकटा खेकडे पकडत असलेला जॉर्ज हाउ मारला गेला. त्याचा सूड घ्यायला गेलेल्या व्हाइटच्या माणसांनी पहाटेच्या अंधारात चुकून क्रोएटोअनच्या मित्रांवरच हल्ला केला. धान्य मागायला जायचं तर कुणाच्या दारात? मदत करू शकतील असे क्रोएटोअनचेच लोक उरले होते, आणि खांबावर त्यांचंच नाव आहे. दुष्काळामुळे माणसं तिथून हलली असतील हे पटण्यासारखं आहे. ती मेली हे त्यावरून ठरत नाही.

प्रश्न: दर दोन-तीन वर्षांनी बातमी येते की रोआनोकचं गूढ अखेर उकललं. कधी नकाशा, कधी अंगठी, अलीकडे लोखंडाचे कण. यातलं खरं काय धरायचं? (निवृत्त अभियंता, पुणे)

इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वांत मोठं नुकसान इथेच होतंय.

आधी अंगठी. १९९८ मध्ये हॅटरस बेटावर बक्सटनजवळ पुरातत्त्वज्ञ डेव्हिड फेल्प्स यांच्या उत्खननात सिंह कोरलेली मुद्रेची अंगठी निघाली. सोन्याची म्हणून ती गाजली. १५८५ च्या तुकडीत केंडल नावाचा एक गृहस्थ होता, एका केंडल घराण्याच्या चिन्हात सिंह होता, म्हणून अंगठी त्याची ठरली. जवळजवळ वीस वर्षांनी क्ष-किरणांनी धातू तपासला तेव्हा ती पितळेची निघाली. पितळेचे दागिने हा व्यापारातला साधा माल. तिच्याबरोबरच्या बऱ्याच वस्तूही वसाहतीनंतर कितीतरी वर्षांनी तिथे आलेल्या होत्या. वीस वर्षं ती सोन्याची म्हणून पर्यटकांना, शाळांना, वर्तमानपत्रांना सांगितली गेली. तपासणी पहिल्याच वर्षी का झाली नाही?

मग नकाशा. व्हाइटने काढलेला या किनाऱ्याचा नकाशा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर कागदाची दोन ठिगळं आहेत. २०१२ मध्ये तपासणी केली तेव्हा त्यातल्या एका ठिगळाखाली, अल्बेमार्ल खाडीच्या पश्चिम टोकाला नद्या मिळतात तिथे, किल्ल्याची खूण दिसली. हे मोलाचं आहे, कारण व्हाइटनेच लिहिलंय की आपण निघालो तेव्हा लोक तिथून ५० मैल आत मुख्य भूमीवर हलण्याच्या तयारीत होते. त्या जागेजवळ, बर्टी काउंटीत, फर्स्ट कॉलनी फाउंडेशन या संस्थेच्या लोकांनी खणलं आणि इंग्रजी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. काही इंग्रज तिथे राहिले असावेत असं ते म्हणतात, आणि तो विचार करण्याजोगा दावा आहे. पण तशीच भांडी पुढे जेम्सटाउनलाही आली होती. तुकडे १५८७ चे की वीस-तीस वर्षांनंतरचे, हा प्रश्न मिटलेला नाही.

आता लोखंडाचे कण. तापल्या लोखंडावर घण बसला की बारीक पापुद्रे उडतात. हॅटरसवर पुरातत्त्वज्ञ मार्क हॉर्टन यांच्या गटाला असे पापुद्रे मोठ्या प्रमाणात मिळाल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. पापुद्रे कोणी विकत घेत नाही, देवघेवीत देत नाही. जिथे लोहाराने काम केलं तिथेच ते पडतात, म्हणून हा पुरावा मला अंगठीपेक्षा कितीतरी वजनदार वाटतो. तरीसुद्धा सगळं एका गोष्टीवर अडतं: ते मातीच्या ज्या थरात होते तो थर कधीचा.

थर, थर आणि थर. वस्तू माणसाशिवायही प्रवास करते. व्हाइटच्या पुरून ठेवलेल्या पेट्या स्थानिक लोकांनी उकरल्या होत्या. पुस्तकांची बांधणी फाडलेली, नकाशे पावसाने कुजलेले, चिलखत गंजाने खाल्लेलं त्याने स्वतः पाहिलं. तिथून उचललेली एखादी वस्तू हातोहात शंभर मैलांवर गेली असेल तर ती वस्तू तिथे इंग्रज राहत होते हे सांगत नाही. शिवाय त्या किनाऱ्यावर जहाजं फुटत, आणि फुटलेल्या जहाजाचं लोखंड कोणीही उचलून नेई. वस्तू किती खोल होती, तिच्या वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी कोळसा होता का, हे सगळं जागेवर मोजून, रेखाटून, लिहून घेतलं असेल तरच ती बोलते. पंचनामा न करता उचललेला मुद्देमाल कोर्टात टिकत नाही, तसंच हे. आणि इथे पंचनामा दुसऱ्यांदा करता येत नाही, कारण खणताना जागा नष्ट होते.

मला सर्वांत जास्त काळजी हौशी शोधकांची वाटते. त्या किनाऱ्यावर धातुशोधक यंत्र घेऊन फिरणारे लोक आहेत, सुट्टीच्या घरांसाठी वाळू उपसणारे आहेत, आणि आपल्या अंगणातला तुकडा कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवणारेही आहेत. वादळं आणि समुद्र वेगळेच. रोआनोकच्या उत्तर किनाऱ्याचा बराच भाग चारशे वर्षांत पाण्याने खाल्ला. १९४७ पासून जीन हॅरिंग्टन यांनी तिथल्या मातीच्या तटबंदीचं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. १९९० च्या दशकात आयव्हर नोएल ह्यूम यांना १५८५ च्या तुकडीतल्या थॉमस हॅरियट आणि धातुतज्ज्ञ योआखिम गान्स यांच्या प्रयोगशाळेचे अवशेष मिळाले, तेही थर नीट वाचल्यामुळे. १५८७ च्या घरांची जागा मात्र अजून मिळालेली नाही. कदाचित ती पाण्याखाली गेली असेल. म्हणून जी जमीन उरली आहे तिचा प्रत्येक अनोंदलेला खड्डा मला खुपतो.

खोदकाम करणाऱ्यांकडूनही माझी एक मागणी आहे. पत्रकार परिषद आधी आणि संपूर्ण अहवाल कित्येक वर्षांनी, ही रीत थांबली पाहिजे. थरांचे आराखडे, कालमापनाचे आकडे, सापडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी छापली जात नाही तोवर तो दावा आहे, निष्कर्ष नाही.

व्हाइटच्या लिखाणात दोन दिशा आहेत: ५० मैल आत मुख्य भूमी, आणि दक्षिणेला क्रोएटोअन. काही माणसं एकीकडे आणि काही दुसरीकडे गेली, हे अनेक अभ्यासकांना शक्य वाटतं आणि मलाही. 'उकललं' असा मथळा दिसला की आधी अहवाल छापून झालाय का ते पाहा, आणि नसेल समजत तर एखाद्या उत्खननाचा अनुभव असलेल्या पुरातत्त्वज्ञाला वाचून दाखवा.

प्रश्न: एलिनॉर डेअरने कोरलेल्या दगडाचा 'अस्सल तुकडा' ऑनलाइन विकत मिळतोय, प्रमाणपत्रासह. घ्यावा का? (बंगळुरू)

अजिबात घेऊ नका. १९३७ मध्ये चोवान नदीजवळ मिळाल्याचं सांगून एका माणसाने एक कोरीव दगड अभ्यासकांकडे आणला. पुढच्या दगडांसाठी बक्षीस जाहीर झालं आणि काही वर्षांत चाळीसहून अधिक दगड 'सापडले', बहुतेक एकाच दगड फोडणाऱ्या माणसाला. १९४१ मध्ये एका पत्रकाराने हा बनाव उघड केला. पैसे मिळणार म्हटल्यावर पुरावा तयार होतोच. पहिल्या दगडावर अजून वाद आहे, बाकीचे बनावट आहेत, आणि तो संग्रह जॉर्जियातल्या ब्रेनॉ विद्यापीठाकडे आहे. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं ते पाहा आणि त्या संस्थेला स्वतः लिहून विचारा. पैसे आधीच दिले असतील तर बँकेशी आजच बोला.

प्रश्न: आम्ही रॉली शहरात राहतो. मुलाच्या मित्राकडे डीएनए चाचणीचं किट आलंय, त्याचे पूर्वज हरवलेल्या वसाहतीतले आहेत का ते कळेल अशी जाहिरात आहे. कळेल का? (रॉली, नॉर्थ कॅरोलायना)

नाही कळणार. तुलना करायला दुसरी बाजू लागते. १५८७ च्या वसाहतीतल्या कुणाचाही निर्विवाद सांगाडा मिळालेला नाही, आणि त्यांच्यापासून आजपर्यंत कागदोपत्री सलग जोडता येणारा एकही वंश नाही. चाचणीत इंग्रज पूर्वज दिसले तर ते १५८७ चे की १६८७ चे, हे थुंकीच्या नमुन्यावरून सांगता येत नाही. 'डेअर' किंवा 'व्हाइट' आडनावावरून तर अजिबात नाही. जाहिरातदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

जॉन लॉसन नावाच्या प्रवाशाने १७०९ मध्ये छापलेल्या वर्णनात लिहिलंय की हॅटरसचे लोक आपले काही पूर्वज गोरे होते आणि पुस्तक वाचत असं सांगतात, आणि त्यांच्यातल्या काहींचे डोळे राखाडी आहेत. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, पण तेव्हा तिथे इंग्रज येऊन-जाऊन बरीच वर्षं झाली होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या लंबी (Lumbee) या मूळ रहिवासी समाजातही हा वारसा सांगतात. त्याबद्दल जाणून घ्यायचं तर त्यांच्याच समाजातल्या जाणत्या लोकांशी आदराने बोला, किट विकणाऱ्याशी नको. चाचणी करायचीच असेल तर मुलाच्या मित्राच्या आईवडिलांनी आधी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. घरात अनपेक्षित नाती बाहेर येतात आणि नमुना कंपनीकडे राहतो.

प्रश्न: पोहॅटनने सगळ्यांना मारलं, हे त्याने कॅप्टन जॉन स्मिथला कबूल केलं होतं ना? (इतिहासाच्या प्राध्यापिका, नागपूर)

पोहॅटन हा जेम्सटाउनच्या परिसरातला स्थानिक प्रमुख आणि स्मिथ हा जेम्सटाउनच्या इंग्रजांचा नेता. स्मिथच्या स्वतःच्या छापील लिखाणात ही कबुली नाही. ती सॅम्युएल पर्चसने १६२५ मध्ये लिहिली. त्याआधी जेम्सटाउनचा सचिव विल्यम स्ट्रेची याने लिहिलं होतं की रोआनोकचे लोक वीसेक वर्षं स्थानिकांबरोबर शांततेत राहिले आणि जेम्सटाउनची माणसं येण्याच्या सुमारास पोहॅटनच्या आज्ञेने मारले गेले. स्ट्रेची १६१० मध्ये तिथे आला, म्हणजे हे ऐकीव आहे. आणि इंग्रज वस्त्यांवरच्या १६२२ च्या हल्ल्यानंतर पोहॅटनच्या लोकांविरुद्धच्या युद्धाला कारणं हवी होती, तेव्हा पर्चसची कबुली फार सोयीची होती. हत्या झालीच नाही असं मी म्हणत नाही. चेसापीकच्या बाजूला गेलेला एखादा गट मारला गेला असू शकतो. वर्गात शिकवताना तिन्ही मजकूर शेजारी ठेवा, त्यांची वर्षं फळ्यावर लिहा, आणि व्हर्जिनियाच्या इतिहासावर काम करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला विचारून मगच निष्कर्ष सांगा.

प्रश्न: या सगळ्याचा आपल्याकडच्या इतिहासाशी काही धागा आहे का? (मडगाव)

आहे, आणि तो खरा आहे. ज्या एप्रिल १५८४ मध्ये रॉलीची पहिली दोन जहाजं अमेरिकेकडे निघाली, त्याच महिन्यात राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी गोव्यातून पोर्तुगीजांच्या तावडीतून निसटला. त्याला तुरुंगातून जामिनावर सोडवायला मदत केली होती फादर थॉमस स्टीफन्स यांनी, ज्यांचं ख्रिस्तपुराण मराठी वाचकांना माहीत आहे. स्टीफन्सनी १५७९ मध्ये गोव्याहून वडिलांना लिहिलेलं पत्र, फिचची हकिकत आणि व्हाइटचं रोआनोकचं वर्णन, हे सगळं हॅक्लुइटने आपल्या प्रवाससंग्रहात छापलं. ज्या जॉन वॉट्सच्या जहाजाने व्हाइट १५९० मध्ये रोआनोकला गेला, तोच वॉट्स १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला. मूळ मजकूर पाहायचा असेल तर पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या ग्रंथपालांना हॅक्लुइटचं नाव सांगा.

प्रश्न: रायगड जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत विहिरीचा गाळ काढताना निळी नक्षी असलेली चिनीमातीची खापरं आणि काही नाणी निघाली. तुम्ही परदेशातलं सांगता, आमचं काय करायचं? घासून स्वच्छ करू का?

घासू नका. धुऊ नका. काम तिथेच थांबवा आणि आणखी खणू नका. खापरं नि नाणी ज्या ढिगातून निघाली त्या ढिगाचे आणि विहिरीच्या कडेचे फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, किती खोलीवर निघाली ते मजुरांना आजच विचारून लिहून ठेवा, कारण आठवड्याने ते विसरतील. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत लपलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. तो अर्ज या आठवड्यात द्या, पोच घ्या, आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयालाही प्रत पाठवा. नाणी विकत घ्यायला कोणी दारात आला तर त्याला परत पाठवा, कितीही भाव देऊ केला तरी.